संक्रांतीची भेटकार्डं घरी करताना : रबरी शिक्के, नक्षीचा कागद आणि सोलापूरचा बाजार

कागदकात्री

दिवाळीच्या हस्तकलेच्या धाग्यावर कार्डांचे फोटो टाकले तेव्हा निम्मे प्रतिसाद "सामान कुठून आणलं" याचेच होते. तिथेच उत्तरं देत बसले तर कंदील आणि किल्ले बाजूला राहतील, म्हणून हा वेगळा धागा. गड्डा (संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा) भरायला अजून अवकाश आहे, पण संक्रांतीची कार्डं करायची तर आत्ताच हात घातलेला बरा.

माझं मत आधीच सांगून टाकते. कार्ड चांगलं होतं ते कागदामुळे आणि शाईमुळे. शिक्का तिसऱ्या नंबरावर. नवखा माणूस नेमकं उलटं करतो. शिक्क्यांचा भलामोठा संच मागवतो, तो झेरॉक्सच्या कागदावर ऑफिसच्या जांभळ्या पॅडने उठवून बघतो आणि मग म्हणतो, शिक्केच भिकार निघाले.

कार्डासाठी २२० ते ३०० जीएसएमची (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम) कार्डशीट घ्या, पांढरी किंवा मोतिया. झेरॉक्सचा कागद ७०-८० जीएसएमचा असतो, उभा केला की मान टाकतो. ए४ चा ताव मधोमध कापला की दोन ए५ होतात. प्रत्येकाला मधे घडी घातली की ए६ चं कार्ड तयार, म्हणजे १०५ बाय १४८ मिमी. एका तावात दोन कार्डं, वाया काही नाही. त्याला सी६ पाकीट लागतं (११४ बाय १६२ मिमी). परदेशी व्हिडिओंत सव्वाचार बाय साडेपाच इंचाचं कार्ड दाखवतात, ते त्यांच्या साडेआठ बाय अकरा इंची कागदाच्या हिशेबाने. आपण ते माप धरलं की पाकीट शोधत गावभर फिरायची वेळ येते.

घडीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण कार्ड बाजारातल्यासारखं दिसतं की शाळेतल्या प्रकल्पासारखं, ते तिथेच ठरतं. कागदातल्या तंतूंना एक दिशा असते. ताव दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा, ज्या बाजूने तो मुकाट वाकतो त्या बाजूने घडी नीट बसते. विरुद्ध बाजूने घातली तर जाड कागद घडीवर फुटतो, वरून रंगवलेला असेल तर आतला पांढरा भाग बाहेर डोकावतो. ए४ च्या तावात तंतू बहुधा लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे वर सांगितलं तसं कापलं की घडी आपोआप बरोबर बाजूने येते. घडी थेट दाबायची नाही. स्टीलची पट्टी ठेवून संपलेल्या बॉलपेनने एक दाबरेघ मारायची. एका बाजूला खाच पडते, मागच्या बाजूला बारीक उंचवटा येतो. तो उंचवटा घडीच्या आत राहील असं दुमडायचं. बहुतेक जण उलटं दुमडतात, खाच आत घेतात.

नक्षीचा कागद कार्डापेक्षा सगळीकडून ३ मिमी लहान कापा, म्हणजे ९९ बाय १४२. चारी बाजूंनी सारखी पांढरी किनार राहते आणि निम्मं काम तिथेच होतं. एका कार्डावर एक ठसठशीत नक्षी, एक बारीक आणि एक साधा रंग. चौथा कागद हातात आला तर तो परत ठेवून द्या.

शाईचं नंतर लिहिते, कुकर झाला.

शेंगाचटणी

वा, फार दिवसांनी कामाचा धागा आला. पण माझी गाडी शिक्क्यापाशीच अडलीय. नवी पेठ आणि फलटण गल्ली दोन्ही पालथ्या घातल्या, मुलांचे कार्टूनचे शिक्के सोडून काही नाही. ऑनलाइन आहेत, पण जिकडेतिकडे वाढदिवसाचा केक आणि नाताळचं झाड. मला तिळगुळाची वाटी, सुगड, ऊस, हलव्याचे दागिने असलं हवंय. ते कोण करणार?

बाणेरची_चिमणी

ऑनलाइन किटच घ्या ना सरळ. शिक्के, अ‍ॅक्रिलिकचा ठोकळा, शाई, सहा इंची नक्षीच्या कागदांचं पॅड, सगळं एका डब्यात येतं. मी तर तेच करते. सुगड नाही मिळत, पण फुलापानांवर भागतं.

कागदकात्री

@शेंगाचटणी, तुम्ही चुकीच्या दुकानात शोधताय. भेटवस्तूंच्या आणि स्टेशनरीच्या दुकानात डिझाइनचे शिक्के मिळायचे नाहीत. जो माणूस सोसायटीचा, शाळेचा, डॉक्टरांचा शिक्का करून देतो त्याच्याकडे जा. त्याला "अध्यक्ष, अमुक गृहनिर्माण संस्था" करता येतं तर सुगडही करता येतं. त्याच्या लेखी दोन्ही काळ्या-पांढऱ्या आकृत्याच.

फक्त जाताना तीन गोष्टी डोक्यात ठेवून जा. आजकाल दुकानदार न विचारता आत शाई भरलेला शिक्का करून देतात, दाबला की आपोआप उठणारा. तो आपल्या कामाचा नाही, त्यात एकच रंग कायमचा भरून बसतो. "पॉलिमरचा द्या, बाहेरून शाई लावायचा" असं स्पष्ट सांगा. दांडा नको म्हणा, नुसता पॉलिमरचा तुकडा मागा. घरी जाड अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्याला दुहेरी टेपने चिकटवला की आरपार दिसतं आणि शिक्का बरोबर जागी बसतो. तिसरं, चित्र शुद्ध काळ्यात हवं. पेन्सिलीची छाया, राखाडी छटा यातलं काही चालत नाही. रेघ अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक नको. केसाएवढी रेघ एकतर उठत नाही, नाहीतर धुताना तुटते.

आरशातलं उलटं चित्र नेऊ नका. तो निगेटिव्ह करताना उलटसुलट त्याचं तो बघतो. तुम्ही उलटं नेलंत आणि त्यानेही उलटवलं तर छाप आरशातल्यासारखी उलटी उठेल.

@बाणेरची_चिमणी, किट वाईट नाही, पण संक्रांतीला ट्युलिप पाठवायचं माझ्या काही पचनी पडत नाही.

खिळेजुळारी

छापखान्यात उमेद घालवली आहे, त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहितो.

आता तुम्ही म्हणता तो पॉलिमरचा शिक्का म्हणजे निगेटिव्ह, त्यावर पातळ पॉलिमर आणि अतिनील दिवा. जिथे निगेटिव्ह पारदर्शक तिथे प्रकाश पोचतो आणि माल घट्ट होतो, उरलेला धुऊन टाकायचा. अर्ध्या तासाचं काम. आमच्या वेळी रबरी शिक्का म्हणजे खिळ्यांचं, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांचं काम होतं. मजकूर खिळ्यांत जुळवायचा, उलटा वाचत. चौकटीत आवळायचा. त्यावरून साचा घ्यायचा. साच्यावर कच्च्या रबराची चकती ठेवून तापत्या प्रेसमध्ये दाबायची. रबरात गंधक असतं, उष्णतेने ते रबराशी सांधलं जातं आणि चिकट माल लवचीक, टिकाऊ होतो. अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने १८४४ साली याच क्रियेचं पेटंट घेतलं, त्यानंतरच रबरी शिक्क्यांचा धंदा उभा राहिला. त्या प्रेसचा वास कपड्यांना दोन धुण्यांनंतरही यायचा.

मुद्दा असा की लाल रबराचा जुन्या पद्धतीचा शिक्का कुठे मिळाला तर सोडू नका. बारीक रेघ त्यात जास्त स्वच्छ उठते आणि शाई कडेला गोळा होत नाही. पॉलिमरला नवेपणी वर एक पातळ तेलकट थर असतो, त्यावर शाईचे थेंब थेंब होतात. पांढऱ्या खोडरबराने शिक्क्याचा चेहरा हलकेच घासून घ्या. मगच शाई लावा.

आणि देवनागरी मजकूर असेल तर दुकानात वर्डची फाइल देऊ नका. त्यांच्या संगणकात तो फाँट नसला की वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात. पीडीएफ द्या, नाहीतर मोठ्या रिझोल्यूशनचं चित्र. प्रूफ हातात घेऊन वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. "संक्रांतीच्या शुभेच्छा" मधली वेलांटी गेलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे.

शेंगाचटणी

काका, दंडवत! पॉलिमर आणि खोडरबर, दोन्ही लिहून घेतलं.

पूर्वभागकर

कागदकात्री ताई, नक्षीचा कागद विकत कशाला घेता ओ? मी आमच्याकडचं सांगतो.

आमच्या घरात चादरीचे माग होते. सोलापुरी चादरीवरचा मोर, चौकटी, वेलबुट्टी हे सगळं जेकार्डवर विणलं जातं. प्रत्येक धाग्याच्या ओळीसाठी एक भोकं पाडलेला पुठ्ठा असतो. भोक असेल तिथे सुई आत जाते आणि तो ताणा (उभा धागा) उचलला जातो, भोक नसेल तिथे तसाच राहतो. असे पुठ्ठे एकाला एक ओवलेले, मागावर माळेसारखे फिरत राहतात. डिझाइन बदललं किंवा पुठ्ठे झिजले की अख्खी माळ पडून राहते. आता इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आल्यापासून तर असले जुने पुठ्ठे पोटमाळ्यावर पडून असतात. ओळखीच्या कारखान्यात विचारा, नाही म्हणणारा विरळा.

मी त्यांचं दोन प्रकारे करतो. एक, पुठ्ठ्याचा तुकडा कार्डावर ठेवायचा आणि स्पंजवर शाई घेऊन भोकांवर टिपायचं. पुठ्ठा उचलला की ठिपक्यांची रांगोळी. स्पंज जवळजवळ कोरडा पाहिजे, नाहीतर शाई पुठ्ठ्याखाली पळते. दुसरं, पुठ्ठा तसाच कापून कार्डावर चिकटवायचा आणि खाली गडद रंगाचा कागद, भोकांतून लाल किंवा हिरवा डोकावतो. आमच्या वडिलांना असं कार्ड दिलं तेव्हा त्यांनी भोकं मोजून सांगितलं, हा काठाचा पुठ्ठा आहे, मोराचा नाही.

कागदकात्री

हे कुठल्याच किटमध्ये मिळणार नाही! अण्णा, त्या पुठ्ठ्याचे फोटो टाका ना. आणि कडेला ओवायची मोठी भोकं असतात ती कापून टाकता की ठेवता?

पूर्वभागकर

ठेवतो. त्यातून लोकरीचा दोरा ओवतो, मोकळं टोक बाहेर.

इरकलवाली

नक्षीच्या कागदाचा आणखी एक मार्ग. साडीचा काठ थेट झेरॉक्सच्या काचेवर ठेवून रंगीत प्रत काढायची. इरकलीचा गोमी काठ आणि पदराची ती दातेरी रचना इतकी सुंदर येते की वेगळं डिझाइन करायलाच नको. साडी ताणून ठेवायची, वरून पांढरा पुठ्ठा, म्हणजे पलीकडचं काही दिसत नाही. ५० टक्क्यांवर छोटी करून एक, पूर्ण मापात एक आणि मोठी करून एक, अशा तीन प्रती काढल्या की कागदकात्री म्हणतात ती मोठी नक्षी, बारीक नक्षी घरबसल्या मिळते. दुकानातल्या पोराला आधी सांगायचं मात्र, नाहीतर तो साडीकडे आणि आपल्याकडे आळीपाळीने बघतो.

एक विचारायचं होतं. प्रत लेझर प्रिंटरची घ्यायची की घरातल्या इंकजेटची?

कागदकात्री

लेझरची. इंकजेटची शाई पाण्याला घाबरते, ओला गोंद लागला की रंग पसरतो. लेझरची टोनर पावडर असते, ती उष्णतेने कागदाला चिकटलेली असते, पाण्याने हलत नाही. पण त्यावर पुढे हीट गन (खूप गरम हवा सोडणारं यंत्र) चालवणार असाल तर जपून, टोनर पुन्हा मऊ होतो.

आता शाईचं उरलेलं.

ऑफिसचं जांभळं पॅड मुद्दाम असं बनवलेलं असतं की ते उघडं राहिलं तरी चटकन वाळू नये. म्हणजे गुळगुळीत कागदावरही ते वाळत नाही, बोट लागलं की फराटा. शिवाय वरून जलरंग लावला तर जांभळं पाणी चहूकडे. पावतीसाठी ठीक, कार्डासाठी नाही.

हौशी कामात मुख्यतः दोन जाती. डाय इंक पातळ असते, कागदात मुरते, लगेच वाळते, बारीक रेघेला चांगली. पिगमेंट इंक दाट, कागदाच्या वर बसते, रंग भरदार येतो, उन्हात लवकर उडत नाही, पण वाळायला वेळ घेते. गडद कागदावर पांढरा शिक्का उठवायचा तर पिगमेंटच लागते, डाय तिथे दिसतच नाही. लग्नपत्रिकेचा मोत्यासारखा चमकणारा कागद असतो ना, त्यात डाय मुरत नाही, वर तरंगत राहते. त्याला स्पिरिटवाली पक्की शाई लागते. ती पॉलिमरवरून साध्या पाण्याने निघत नाही, तिचा वेगळा क्लीनर घ्यावा लागतो, हे खरेदीच्या वेळीच लक्षात ठेवा.

आणि सोलापूरच्या हवेबद्दल. आपल्याकडे उन्हाळ्यात पॅड महिनाभर उघडझाप झालं की खडखडीत. पॅड उलटं ठेवायचं, स्पंजचा भाग खाली, म्हणजे शाई वरच्या थराकडे येत राहते. री-इंकरची, म्हणजे पॅडमध्ये पुन्हा भरायच्या शाईची छोटी बाटली पॅडबरोबरच मागवा. पॉलिमरचे शिक्के खिडकीत ठेवू नका, ऊन लागलं की पिवळे आणि चिकट होतात. बंद डब्यात, कपाटाच्या खालच्या खणात.

शिक्का पॅडवर आपटायची सवय बहुतेकांना असते. त्याऐवजी शिक्का टेबलावर उताणा ठेवा आणि पॅड हातात घेऊन त्याच्यावर टिपा. शाई कुठे लागली, कुठे नाही, ते दिसतं आणि कडांना थर चढत नाही. कागदाखाली जुना माउसपॅड किंवा चार-पाच पेपरच्या घड्या. सरळ खाली, सगळीकडे सारखा दाब, सरळ वर. डोलवायचा नाही.

जुळेसोलापूरकर

हातकागदावर शिक्का उठवला तर मोठा भरीव भाग ठिपक्याठिपक्यांचा येतो. दाब वाढवला तर कडा पसरतात. कागद मात्र देखणा आहे, टाकवत नाही.

कागदकात्री

हातकागदाचा पृष्ठभाग खडबडीत असतो. खळग्यात शाई पोचत नाही आणि काही कागद इतके शोषक असतात की शाई तंतूंवरून धावते. भरीव शिक्क्यांचा हट्टच सोडा, त्यावर रेघांचे शिक्के घ्या. किंवा हातकागद फक्त पार्श्वभूमीला वापरा आणि शिक्का वेगळ्या गुळगुळीत कागदावर उठवून, कापून वर चिकटवा. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची. कुणी पुण्याला जाणार असेल तर तिथून थोडे तुलनेने गुळगुळीत ताव आणा, हात लावून निवडता येतात. ऑनलाइन मागवलेल्या हातकागदाचा पोत आल्यावरच कळतो.

ठिपके ठिपके आलेले मला तरी वाईट दिसत नाहीत. जुन्या कापडावरच्या छपाईची आठवण होते. सुगडाला तर शोभतंच.

बाणेरची_चिमणी

आता मी एक विचारते. चमकणारी, उंचावलेली अक्षरं करायला एम्बॉसिंग पावडर घेतलीय. हेअर ड्रायरने होईल का? हीट गन घ्यायची इच्छा नाही.

खिळेजुळारी

नाही होणार. ड्रायरची हवा पुरेशी गरम नसते आणि वारा इतका की पावडर शेजारच्या घरात जाईल.

कागदकात्री

काका म्हणतात ते खरं. हीट गन घ्यायची नसेल तर उलट्या बाजूने ऊब द्या. म्हणजे गॅसवर जाड तवा मंद तापवायचा, कार्ड चिमट्यात धरून तव्याच्या वर चार बोटांवर धरायचं, पावडर वरच्या अंगाला. आधी काही होत नाही, मग एका कोपऱ्यातून पावडर तुपासारखी वितळत चकाकी पुढे सरकते. अक्षर पूर्ण चकाकलं की लगेच बाजूला. जास्त धरलं तर चकाकी जाते, कागद पिवळा पडतो. मुलांना हे काम देऊ नका.

पावडर टाकायच्या आधी कार्डावर टाल्कम किंवा कॉर्नफ्लॉवरची पुरचुंडी हलकेच टिपून घ्यायची. कोरड्या हवेत कागदावर स्थिर वीज असते, बोटांचा ओलावाही असतो, तिथे पावडरीचे कण चिकटून बसतात आणि वितळले की मोहरीएवढे डाग होतात. शिक्का पिगमेंटच्या शाईने किंवा एम्बॉसिंगच्या रंगहीन चिकट शाईनेच उठवायचा. डाय इंक पावडर टाकेपर्यंत वाळलेली असते, निदान आपल्या हवेत तरी.

चिंचपुरेकर_नव्हे

एक बारीक तक्रार नोंदवतो. दुकानातून आणलेला नक्षीचा कागद, दुकानदाराने केलेला शिक्का, कंपनीची शाई. यात "हाताने केलेलं" काय उरलं? आमची आजी आपट्याच्या पानावर सुईने नाव टोचायची.

इरकलवाली

मग आजीने पानही स्वतः उगवलं होतं का?

पूर्वभागकर

बे, चादर विणणारा सूतही दुसऱ्याकडूनच आणतो.

चिंचपुरेकर_नव्हे

ठीक, ठीक, माघार. पण शिक्का निदान स्वतः कोरा, एवढंच म्हणणं.

कागदकात्री

यात मात्र मी तुमच्या बाजूची. साधं पांढरं खोडरबर घ्या, अप्सराचं मोठं चालतं. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने चित्र काढायचं, पेन्सिलीची बाजू खोडरबरावर टेकवून नखाने घासायचं. चित्र उलटं उतरतं आणि छाप सुलटी येते, वेगळी डोकेफोड नाही. लिनो कटर (कोरायचं छोटं हत्यार) असेल तर उत्तम, नसेल तर कटरचं टोकदार पातं. पातं रेघेपासून बाहेरच्या बाजूला तिरकं धरा, म्हणजे उभी राहिलेली रेघ खाली रुंद आणि वर निमुळती होते. सरळ किंवा आतून कापलं तर बारीक रेघ दोन छापांत मोडते. हात नेहमी पात्याच्या मागे.

सुगड, तिळाचा लाडू, उसाचं पेर हे आकार कोरायला अगदी सोपे आहेत. हलव्याच्या दागिन्यांसाठी तर कोरायचीही गरज नाही. पेन्सिलीच्या मागचं रबर पांढऱ्या पिगमेंटमध्ये बुडवून काळ्या कागदावर ठिपके द्या. काळी साडी आणि हलव्याचा हार, एका कार्डात दोन्ही आले.

शेंगाचटणी

हे उद्याच करणार. मावशीसाठी.

कार्डं विकायची झाली तर? बचत गटातल्या बायका विचारत होत्या. यात्रेच्या दिवसांत एक टेबल मिळतंय.

कागदकात्री

स्वतः काढलेलं चित्र, स्वतः कोरलेला शिक्का, खुशाल विका. विकतच्या शिक्क्यांवरचं चित्र मात्र कंपनीच्या किंवा चित्रकाराच्या मालकीचं असतं. बऱ्याच कंपन्या हाताने छापलेली कार्डं विकायला परवानगी देतात, पण तो छाप स्कॅन करून प्रिंटरवर काढायला नाही. प्रत्येकीचा नियम वेगळा, त्यांच्या साइटवर वाचून घ्या. इंटरनेटवरून चित्र उचलून शिक्का करून घेणं हे सरळ सरळ नको.

किमतीचं म्हणाल तर बायका आपला वेळ धरतच नाहीत आणि कागदाच्या खर्चावर चार रुपये चढवून मोकळ्या होतात. एका कार्डाला किती मिनिटं लागली ते घड्याळ लावून बघायला सांगा, मग भाव बोला.

जुळेसोलापूरकर

पोस्टाने पाठवताना काय काळजी घ्यायची? मागच्या वर्षी मोती लावलेलं कार्ड पोचलं ते पाकीट फाटून.

कागदकात्री

वजनाचा हिशेब घरीच होतो. २५० जीएसएमचा ए५ तुकडा पावणेआठ ग्रॅमचा. नक्षीच्या कागदाचा थर दोन ग्रॅम धरा, पाकीट चारेक ग्रॅम. म्हणजे चौदा ग्रॅमच्या आसपास. साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असतो, त्यात आरामात बसतं. गोंद, फिती, आरसे चढवायला लागलात की तो टप्पा ओलांडला जातो. मोती, बटणं असली उंच वस्तू पोस्टाने पाठवूच नये. पाकिटावर तिकीट रद्द करायचा शिक्का जोरात बसतो, गठ्ठा दोरीने आवळला जातो, उंचवटा आतून कागद फोडतो. तसलं कार्ड हातोहात द्या. पोस्टात जाणारं कार्ड सपाट असावं, शिक्का आणि कागद, बास.

चिकटवायला पाण्याचा गोंद वापरत असाल तर अगदी पातळ, जुन्या एटीएम कार्डाने पसरवून, आणि रात्रभर पुस्तकांच्या वजनाखाली. कागद पाणी पितो, फुगतो, वाळताना आखडतो आणि कार्ड होडी होऊन बसतं. दुहेरी टेपला ही भानगड नाही, पण टेप बसली की बसली, सरकवता येत नाही.

पूर्वभागकर

आमच्याकडे घरात तेलुगू, शेजारी कन्नड, शाळा मराठी. तिन्ही लिप्यांत शुभेच्छांचा एकच शिक्का करून घेतला तर चालेल का? की गर्दी होईल?

खिळेजुळारी

एकाखाली एक तीन ओळी करा, पण तिन्हीचा आकार डोळ्यांनी जुळवा, फाँटच्या मापाच्या पॉइंटांनी नाही. देवनागरीला वर शिरोरेघ आहे, तेलुगू-कन्नडला गोलाई. एकाच पॉइंटात घेतलंत तर एक लिपी मोठी, एक लहान दिसते. आणि ओळींमधे जागा जास्त सोडा, तेलुगूची अक्षरं खाली लोंबतात. खरं तर तीन वेगळे तुकडे करून घ्या, पैसे फारसे वाढत नाहीत, आणि ज्या घरी जी भाषा ती उठवता येते.

इरकलवाली

आता शेवटचा माझा प्रश्न. नंदीध्वजाचं, म्हणजे यात्रेतल्या सजवलेल्या उंच काठीचं कार्ड करायचंय. सासरे दर वर्षी बाराबंदी (पांढरा पारंपरिक अंगरखा) घालून मिरवणुकीत असतात, त्यांना द्यायचं. पण ए६ वर नंदीध्वज बुटका दिसतो, काठी आखूड करावी लागते. ते काही बरं दिसत नाही.

कागदकात्री

मापच बदला. ए४ च्या तावाची २१० बाय १९८ ची पट्टी कापा. ती मधे दुमडली की ९९ बाय २१० चं उंच, निमुळतं कार्ड होतं आणि ते दुकानात सहज मिळणाऱ्या ११० बाय २२० च्या लांब पाकिटात बसतं. काठीचा शिक्का करूच नका, एवढा लांब शिक्का एकसारखा दाबला जात नाही. इरकलीच्या झेरॉक्सची ६ मिमी रुंद पट्टी उभी चिकटवा, तीच काठी. वरचं टोक आणि बाशिंग खोडरबरात कोरा, हारांसाठी तेच पेन्सिलीचं रबर. खाली माणसं दाखवायची असतील तर एकच बाराबंदीतली आकृती कोरा आणि तीन-चारदा उठवा, शाई पुन्हा न लावता. पहिली गडद, मागच्या फिकट होत जातात, गर्दी आपोआप तयार होते.

फक्त एक, हा कागद दहा ग्रॅमच्या वर जातो. पोस्टाने पाठवणार असाल तर दुसरा थर नको.

इरकलवाली

पोस्ट कशाला, ते शेजारच्याच खोलीत झोपलेत. म्हणून तर कात्री हळू चालवतेय.